सोनगीरच्या मळ्यातली शांतता

१२ नोव्हेंबर १९१८. सोनगीरचा मळा.
धुळ्याहून बैलगाडीनं पोचलो. कोर्टातून महिन्याची लीव्ह. शहरात इन्फ्लुएंझा आहे म्हणून पळालो, असं कोणी म्हणेल. चूक. थंडीतली शेतावरची शांतता अनुभवायची, ही माझी जुनी इच्छा. धाकटा भाऊ गिरधर नेमका काल तापानं पडला, त्याला मी काय करणार? माझी बायको ताईबाई त्याच्या उशाशी थांबली. बायकांना शांततेची आवड कमीच.

१३ नोव्हेंबर. पहाट.
संकल्प: रोज बांधावर बसणे. मन निर्विकार करणे.
बसलो. शिंक आली. नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. मग घरात येऊन काढा घेतला.

१६ नोव्हेंबर.
राखणदार उखर्डू फार बोलतो. म्हणे, भाऊ, बठ्ठा गाव आजारी शे, रोज तिरड्या निघतात. त्याला सांगितलं, बांधापलीकडूनच बोल. शांततेला अंतर लागतं.

१९ नोव्हेंबर.
ताईबाईनं गाडीवानाकडून निरोप धाडला. भाऊजी तुमचं नाव घेतात, लगेच या. निघणारच होतो. पण बैल दमलेले दिसले. उद्या नक्की.

२० नोव्हेंबर.
धुकं फार. परवा.

२६ नोव्हेंबर.
उखर्डू फिरकला नाही. झोपडीत तापानं पडलाय म्हणे. मोट बंद, कपाशी झाडावर तशीच. फर्स्ट क्लास शांतता. भाकरी थापता येत नाही, म्हणून नुसते फुटाणे. दिवसभर कोर्टातले जुने अर्ज मोठ्यानं म्हणत बसलो. नुसती प्रॅक्टिस.

२ डिसेंबर.
ताईबाई आली. फार वाळली आहे. म्हणाली, भाऊजी गेले. तिरडीला चौथा माणूस मिळाला नाही, मी खांदा दिला. मी म्हणालो, निदान तू तरी स्वतःला जपायचं होतंस.  ती पेज करून तडक उखर्डूच्या झोपडीत गेली. मी बांधावर थांबलो.

४ डिसेंबर.
ती उखर्डूला धुळ्याच्या दवाखान्यात नेते आहे. गाडी जुंपली. मी विचारलं, मला जागा आहे का? म्हणाली, आहे. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसावं लागेल.
मी म्हणालो, मळा असा उघडा टाकून कसं चालेल? कोणीतरी हवंच इथं.
म्हणाली, बरं.
गाडी सडकेला लागेपर्यंत पाहत होतो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.
आता कसलाच आवाज नाही. होईल सवय.