पोस्टीणीचे जोडअंगठे

बिल्हेर, १५ मार्च २००४

चि. आर्नो यास,
आत्याचे आशीर्वाद, या खेपेस जरा हात राखून.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. मार्गालीद कुत्री व्याली, चारांतलं एकच पिल्लू जगलं आणि ती मादी आहे, इथवर वाचून मी चुलीवरचं सार उतरवलं आणि पुढचं वाचायला खुर्चीत बसले. बसले ते बरं झालं. शुक्रवारी डॉक्टरीणबाई कोकरं तपासायला येणारच आहेत, तर त्यांच्याकडून पिल्लाच्या मागच्या पायांचे जोडअंगठेही कापून घेतो, असं तू हवापाणी कळवावं तसं कळवतोस. जणू कुंपणाची वाढलेली फांदीच छाटायची आहे.

तू मेंढपाळाचा मुलगा आहेस ना? की मोर्लासच्या सपाटीवर मेंढ्यांबरोबर चार हिवाळे काढून तुझी अक्कलही सपाट झाली? आपल्या पांढऱ्या कुत्र्यांना मागच्या पायांच्या आतल्या अंगाला, जमिनीला न टेकणारे दोन-दोन अंगठे असतात. हे मी तुला सांगावं, यातच काय ते आलं. आपल्या खोऱ्यात पिल्लू निवडायला आलेला माणूस आधी त्याचं तोंड बघत नाही, मागचा पाय उचलून बघतो. जोड नसली की पिल्लू खाली ठेवतो आणि पावसाच्या गोष्टी काढतो.

ऑगुस्तँ गेला त्याला तीन वर्षं झाली. मेंढ्या तुझ्याकडे आल्या, घंटा आल्या, डोंगरावरची झोपडी आली. त्याच्या कुत्र्यांच्या वंशातली मात्र ही एवढीशी पोर उरली आहे. मार्गालीद आता पुन्हा व्यायची नाही. पोरीचे अंगठे गेले तर तिच्याशी कुणी आपला कुत्रा लावणार नाही, आणि माझ्या भावाने जन्मभर सांभाळलेली रेघ तिथेच पुसली जाईल. तुझ्या बापाने आपल्या एकाही कुत्र्याच्या जोडअंगठ्यांना कधी लोखंड लागू दिलं नाही. त्याच्या बापानेही नाही. लोखंड लागलं की कुत्र्याची छाती जाते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

तेव्हा शुक्रवारचं रद्द कर. डॉक्टरीणबाईंना मी वेगळं लिहिलंच आहे, आणि गोड लिहिलेलं नाही.

बाकी क्षेम. गुडघा दुखतो, पण तो तुझ्यापेक्षा ऐकतो. लोभ शिल्लक आहे, उधळू नकोस.

तुझी आत्या
ऑनोरीन


मोर्लास, १६ मार्च २००४

ती. आत्यास,
आर्नोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मार्गालीदनेही कान पाडले. टपाल कचेरीच्या खिडकीमागून तू तीस वर्षं सगळ्या खोऱ्याला रांगेत उभं केलंस, तोच आवाज अजून कागदातून येतो. पिल्लाचं नाव आम्ही त्यावरूनच ठेवलं आहे. दूध सगळं तिचं एकटीचं, वाटेकरी कुणी नाही, तरी दिवसभर ओरडून सगळ्यांना शिस्त लावते. म्हणून तिचं नाव पोस्टीण.

आता रागावून झालं असेल तर माझं ऐक. गेल्या उन्हाळ्यात मार्गालीदच्या पायाला लागलं, एवढंच मी तुला सांगितलं होतं. काय झालं ते सांगितलं नव्हतं. सकाळी धुक्यात कळप गोळा करायला गेलो तर मेंढ्या एका जागी गोल उभ्या होत्या, हलेनात. मधे मार्गालीद. मेंढ्यांभोवती विजेची जाळी लावतो, तीत तिचा डाव्या पायाचा जोडअंगठा अडकून ती उलटी लटकली होती. सुटण्यासाठी तिने स्वतःचाच पाय चावून काढला होता. मी हात लावला तर ती मलाही चावली, आणि मग तोच हात चाटत राहिली. अंगठा तिथेच तुटला. त्या दिवसापासून ती लंगडते.

बाबांच्या काळी ही जाळी नव्हती, कारण तेव्हा आपल्या बाजूला अस्वलाची भीती उरली नव्हती. आता अस्वलही आहे आणि जाळीही. वंशाची रेघ मलाही हवी आहे, आत्या. पण धुक्यात ते पुन्हा बघायची माझी तयारी नाही. पिल्लू चार दिवसांचं आहे, आत्ता कापलं तर त्याला फारसं कळायचंही नाही. शुक्रवार मी रद्द करत नाही.

गुडघ्याला शेक घे. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
आर्नो


मोर्लास, १७ मार्च २००४

आदरणीय ऑनोरीनबाई यांस,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मला त्यात कसाई म्हटलं आहे. ते अंगठ्यांपुरतंच आहे की एकंदरीत, हे कळलं नाही. तूर्त अंगठ्यांपुरतं धरून चालते.

कापायचं की नाही, हे आर्नोने ठरवायचं. त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं, कारण मार्गालीदचा पाय मीच शिवला होता. पण तुम्ही मला सरळ प्रश्न विचारला आहे, तेव्हा सरळ उत्तर देते. काही कुत्र्यांचे हे अंगठे नुसत्या कातड्याला लोंबतात. ते काढलेले बरे. तुमच्या वंशाचे तसे नाहीत. त्यांत हाड आहे आणि ते पायाला पक्के जोडलेले आहेत. ते कापणं म्हणजे नख कापणं नव्हे, बोट कापणं.

आणखी एक सांगते, ते तुम्हाला आवडणार नाही. मार्गालीदचा अंगठा जाळीत अडकला तो अंगठा होता म्हणून नाही. त्याचं नख वाढून पूर्ण कडं झालं होतं आणि टोक परत मांसात शिरलं होतं. जाळीचा दोर त्या कड्यात गेला, मग बाहेर कसा येणार? बाकीची नखं खडकावर झिजतात. ही जमिनीला लागतच नाहीत, म्हणून ती कुणीतरी कापावी लागतात. मी तुमच्या खोऱ्यातल्या मेंढपाळांना हे सांगते तेव्हा ते टोपी काढून ऐकतात, टोपी घालतात आणि निघून जातात. मार्गालीदच्या उजव्या पायाची नखंही आता त्याच वाटेवर आहेत. आर्नो हात लावू देत नाही. वडील लावू देत नसत, असं म्हणतो.

शुक्रवारी दहाच्या सुमारास मी गोठ्यावर असेन. तुमचा राग थोडा निवला असेल अशी आशा ठेवून थांबते.

आपली नम्र
मायलीस कासामायू


बिल्हेर, १८ मार्च २००४

चि. आर्नो यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. ते वाचून मी जेवले नाही. हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस. बाईमाणसाला झेपणार नाही म्हणून गप्प बसला असशील तर तुझं त्याहून मोठं चुकलं.

आज तुझ्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. बाई फटकळ आहेत. मला आवडल्या. पत्र दोनदा वाचलं आणि आता मी तुझ्यावर नाही, तुझ्या बापावर रागावले आहे, त्याच्या बापावर, आणि लोखंड लावायचं नाही असं पहिल्यांदा ज्या शहाण्याने सांगितलं त्याच्यावर. डोंगरावर जाण्याआधी हे पुरुष एकेका मेंढीला उताणी पाडून खूर कोरतात. खूर वाढला की मेंढी लंगडते, हे यांना कळतं. आणि ज्याच्या जिवावर कळप झोपतो त्या कुत्र्याचं नख मांसात शिरलं, तरी छाती जाईल म्हणून बघत बसतात. अशी कसली ती छाती, जी कातरीने जाते?

कॉन्व्हेंटात दर सोमवारी सिस्टर आंजेल आमची नखं तपासायच्या. हात पुढे, बोटं पसरून. कुणाची वाढली असली की त्या स्वतःच कात्री घ्यायच्या आणि कापताना कानही उपटायच्या. सिस्टरचं माझं कधी पटलं नाही. पण नखं वाढली म्हणून त्यांनी कुणा मुलीचं बोट कापलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन.

उद्याच्या पहिल्या बसने मी निघते आहे. हे पत्र सकाळच्या टपालात पडेल, म्हणजे ते आणि मी साधारण एकाच वेळी तुझ्या दारात येऊ. आधी पत्र वाच, मग दार उघड. मी येईपर्यंत पिल्लाला कुणी हात लावायचा नाही. खूर कापायची छोटी कातरी उकळत्या पाण्यातून काढून ठेव, आणि मार्गालीदला बांधून ठेव.

भेटीअंती बाकीचं. लोभाचं उद्या तुझं तोंड बघून ठरवीन.

तुझी आत्या


मोर्लास, ४ एप्रिल २००४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू गेलीस तेव्हापासून डॉक्टरीणबाई फोनवर आधी तुझी चौकशी करतात, मग मेंढ्यांची. मार्गालीदचा पाय मांडीवर घेऊन तू नखं कापायला गवतात बसलीस, ती गुरगुरली, आणि रांग मोडणाऱ्याला सांगावं तसं तिला गप्प राहायला सांगितलंस, हे त्या सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत. त्यांची सुरी पिशवीतून बाहेरच आली नाही याचंही त्यांना वाईट वाटलेलं दिसत नाही. मार्गालीदच्या उजव्या पायाचं नख मांसात रुतलं होतं तिथली सूज उतरली आहे. आजकाल तो पाय ती सरळ टेकते.

पण आपलं ठरलंय ते विसरू नकोस. अंगठे राहिले ते एका अटीवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नखं कापली गेली पाहिजेत, झोपडीवर असलो तरी. मला वर दूध काढायचं, चीज करायचं, लंगड्या मेंढ्या बघायच्या, त्यात हे राहून जाणार हे मला आत्ताच दिसतंय. तू म्हणालीस मी येईन. सत्तरीची बाई तीन तासांचा चढ दर महिन्याला चढणार, यावर मी काय बोलू? पण एकदा जरी पोस्टीण जाळीत लटकलेली सापडली, तर त्याच दिवशी मी तिला खाली नेऊन अंगठे काढून टाकेन. मग तू कितीही पत्रं लिही.

दुसरी गोष्ट. म्हातारा लापेर बाजारात भेटला. पोस्टीण त्याच्याच कुत्र्याची, म्हणून आजोबा असल्यासारखा बोलतो. कुठून कळलं कोण जाणे, पण सगळ्यांसमोर विचारलं की नवरीची नखं कापून झाली का, आता रंग कुठला लावणार. लोखंड लागलेल्या कुत्रीला अस्वल दिसलं तर ती पर्स शोधेल, असंही म्हणाला. सगळे हसले. मीही थोडा हसलो, माफ कर. पण जाताना तो गंभीरपणे म्हणाला की अशा कुत्रीशी तो आपला एकही कुत्रा लावणार नाही, आणि दुसराही कुणी लावणार नाही. अंगठे वाचवून तू जे वाचवलंस ते याने बुडवू नये, एवढीच काळजी वाटते.

पिल्लू कोकरांच्यात झोपतं. तू सांगितल्याप्रमाणे कुणी त्याला कुरवाळत नाही. मी एकदाच कुरवाळलं. हे वाचून लोभ आवरता घेऊ नकोस.

तुझा
आर्नो


झोपडीवरून, २० जुलै २००४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र चीज खाली नेणाऱ्या खेचरांबरोबर पाठवतो आहे. चार तारखेला तू आलीस, तशी पुढल्या महिन्यात येऊ नकोस. उतरताना तुझा गुडघा कसा वाजत होता ते मी ऐकलं आहे. पोस्टीणची नखं काल मी कापली. पहिला रविवार नव्हता, पण मला दिसलं की वाढलीत आणि मी कापली. तिने तोंड फिरवलं आणि पाय माझ्या हातात ठेवला, डॉक्टरकडे सुई टोचून घेताना माणसं बघतात तसं दुसरीकडे बघत. म्हणजे आता तू नाही आलीस तरी चालेल, हे मला लिहायचं होतं.

गेल्या आठवड्यात ती जाळीत गेली. कोकरू पलीकडे राहिलं होतं, म्हणून घुसली. मी धावलो. पोचेपर्यंत ती स्वतःच मागे सरून सुटली होती, दोराला फक्त पांढरे केस राहिले होते. मी तिथेच गवतात बसलो. ती येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली, की हा कामाच्या वेळी का बसला आहे. अंगठ्यांचा विषय माझ्यापुरता संपला, आत्या. ते राहतील.

आता ऐक. परवा लापेर पलीकडच्या कुरणातून खिंड ओलांडून आला. बरोबर त्याचा कुत्रा. बसला, सार प्याला, दुसऱ्यांदा मागून घेतलं, माझ्या चीजला नावं ठेवली. मग म्हणाला की त्याची खूर कापायची कातरी बोथट झाली आहे, तुझी जरा मिळेल का, दोन मेंढ्यांचे खूर वाढलेत. खूर आम्ही सगळ्यांनी वर येण्याआधीच कापले आहेत, त्यानेही. आणि मेंढ्या एकही बरोबर आणलेली नव्हती. मी कुत्र्याकडे पाहिलं. तो मागचा उजवा पाय वर धरून उभा होता. लापेर आकाशाकडे बघत राहिला. कातरी खाली राहिली आहे, शनिवारी ये, असं मी सांगितलं, कारण द्यावी की नाही हे तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येईना. आता काय करू ते कळव. गुडघ्याला जप आणि माझ्यावर नजर राहू दे.

तुझा
आर्नो


बिल्हेर, २२ जुलै २००४

चि. आर्नो यास अनेक आशीर्वाद, या वेळी हात न राखता.

जाळीचं वाचलं. मीही बसले. उठल्यावर स्वतःसाठी ऑगुस्तँच्या बाटलीतलं थोडं ओतून घेतलं. दुपारचे तीन वाजले होते, पण कुणी बघत नव्हतं.

येऊ नकोस म्हणतोस. तुझ्या सल्ल्याबद्दल आभारी आहे. एक तारखेला रविवार आहे आणि मी येते आहे.

लापेरला कातरी द्यायची नाही. त्याने त्या नखाला कधी हात लावलेला नाही. घाईत जिवंत मांस कापेल, कुत्रा चावेल, आणि मग साऱ्या डोंगरावर सांगत फिरेल की लोखंडाने कुत्रा बिघडला. शनिवारी आला की सांग, आज घरी जा आणि एक तारखेला, रविवारी, कुत्रा घेऊन ये. तोवर कुत्र्याचा पाय रोज मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायला सांग. ते त्याला जमेल. पर्सबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. नुसतीच माझी पर्स त्याच्यासमोर उघडीन आणि तीतून कातरी काढीन.

कुत्रा मोकळा झाला की त्याच्याकडून एक शब्द घ्यायचा आहे. पोस्टीण वयात येईल तेव्हा तिच्यासाठी खोऱ्यातला चांगला नर तोच शोधून देईल. तिचे मागचे पाय तो बाजारात सगळ्यांसमोर उचलून दाखवील, नखं कापलेल्या अंगठ्यांसकट. त्याने दाखवले की बाकीचे टोपी घालून निघून जाणार नाहीत.

आणखी कुणाकुणाच्या मेंढ्यांचे खूर जुलैत वाढले असतील, तर त्यांनाही सांग. कुत्रे घेऊन या, दोरीला बांधून, एकामागे एक. खिडकी दहाला उघडते. ढकलाढकली चालणार नाही.

पिल्लाचं नाव मला पहिल्यापासून पसंत नव्हतं. राहू दे. लोभ आहे, तो आता तिच्याही नावावर.

तुझी आत्या
ऑनोरीन