उतरलेला पियानो

सोमवार, ३ मार्च

सगळ्यात आधी आला तो नातीचा मित्र, लांब्या! नात नाही, सून नाही — लांब्या. पाठीवर ते भलंमोठं चेलो, व्हायोलिनचा थोरला भाऊच. दारात असा उभा, वाटलं कुणा आजाऱ्यालाच उचलून आणलंय. "आजी, याला आत घेऊ?" म्हटलं घे बाबा, चहा पितो का तो? खूप हसला. पोरगा गुणी आहे, हसतो लगेच. मागून व्हायोलिनवाली. ती म्हणजे फटाकडी, बसायच्या आत बशीतली बिस्किटं साफ! आणि शेवटी माझी नात. केवढी उंच झालीय! गळ्यात पडली. मग लगेच पियानो उघडून बसली.

त्यांच्या संगीतशाळेच्या हॉलला रंग चाललाय. घरी वाजवलं की खालचा शेजारी काठीने छत ठोकतो. पंधरवड्यात कार्यक्रम. म्हणून आजी आठवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव तर गाढव! पाय धरायला आलं ना कुणीतरी.

मंगळवार, ४ मार्च

आज एक गंमत. पियानोचा सूर उतरलाय म्हणे. उतरणारच. हे गेल्यापासून मी फक्त पुसते त्याला. नात म्हणाली, सगळाच्या सगळा सारखा उतरलाय, म्हणून कानाला वाईट लागत नाही, पण व्हायोलिन आणि चेलो त्याच्याशी जुळत नाहीत. मग काय केलं? दोघांनी आपल्या तारा सैल केल्या! तो वर येईना तर हेच खाली आले. लांब्या म्हणतो, "आजी, तुमच्या घरात आम्ही सगळे एक पायरी खाली."

मला इतकं बरं वाटलं! माझ्यासाठी कोण कधी पायरी उतरलंय? आमचे चिरंजीव तर गाडीतूनसुद्धा उतरत नाहीत. खालून हॉर्न वाजवतात, औषधं घ्यायला मीच जायचं.

गुरुवार, ६ मार्च

दोन गाणी आहेत. गाणी म्हटलं की नात चिडते. "आजी, रचना म्हण." पहिली जुन्या काळातली, तिला ती अभिजात म्हणते. घडी घातलेल्या कपड्यांसारखी आहे, कोपऱ्याला कोपरा. दुसरी नंतरची, रोमँटिक. मी म्हटलं, म्हणजे सिनेमातली? फटाकडी खुर्चीवरून पडायची बाकी होती. पण त्या दुसरीच्या मधे एक संथ भाग आहे. चेलो एकटं बोलतं, पियानो नुसता हं हं करतो. आमचे हे असेच हं हं करायचे, मी बडबडत असले की. भाजी निवडता निवडता हात थांबला माझा.

हे गेले तेव्हा सूनबाई म्हणाल्या होत्या, "ती अडगळ काढा आता, खोली मोकळी होईल." मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. एवढ्यावरून येणंजाणं आटलं. नातीचं शेवटचं दप्तर मी पाहिलं ते शाळेचं होतं, आता कॉलेजची पिशवी आहे. मधली सगळी वर्षं पियानोने खाल्ली. आणि आता त्यानेच तिला आणून दिली. पुसते म्हणजे उगीच नाही पुसत!

शनिवार, ८ मार्च

आज कुणी नाही. बशी काढून ठेवली होती, परत आत ठेवली.

मंगळवार, ११ मार्च

आले! नात म्हणाली, "आजी, तुझ्या खोलीत छान वाजतं." दिवसभर तेच घोळवतेय तोंडात.

शनिवार, १५ मार्च

झाला कार्यक्रम. लिहू की नको असं झालंय.

हॉलला रंगाचा वास. सूनबाईंनी मला कडेला बसवलं, "आई, तुम्हाला उठावं लागतं ना मधे." मी काय मधे उठते? बरं. चिरंजीव फोनमध्ये डोकं घालून. नात काळ्या कपड्यांत आली, अशी काही दिसत होती! डोळे भरून आले माझे.

आणि सुरू झालं. पण हे काय? सगळं वर! माझ्या घरी ऐकलेलं तेच, पण कुणीतरी टाचा उंच करून म्हणतंय असं. त्या संथ भागात तर मला राहवेना. शेजारणीला म्हटलं, "घरी असं नव्हतं हो." हळूच म्हटलं होतं. पण माझं हळू म्हणजे! पुढच्या चार रांगा वळल्या. लांब्याच्या ओठावर हसू आलं, नातीच्या नाही.

बाहेर सूनबाई, सगळ्यांच्या देखत — "अहो आई, हॉलचा पियानो बरोबर आहे. तुमचा बेसूर आहे." नातीचे मास्तर मान हलवत होते. म्हणे बरं झालं सराव संपला, उतरलेल्या वाद्यावर कानाला वाईट सवय लागते. चिरंजीव काय म्हणाले? "चला, गाडी लांब लावलीय."

वाईट सवय. म्हणजे मी.

रविवार, १६ मार्च

रात्रभर कूस बदलली. गरज सरो, वैद्य मरो. वैद्याला निदान मेल्यावर तरी बघायला येतात.

सोमवार, १७ मार्च

नातीला मीच फोन केला. मानापमान गेला चुलीत. म्हटलं, पुढचा कार्यक्रम कधी? उन्हाळ्यात आहे म्हणे. सराव हॉलमध्येच. मग तीच म्हणाली, "हॉलमध्ये वेळ मिळत नाही गं. तुझा पियानो वर आला असता ना, तर तिकडेच आलो असतो."

तर आलो असतो म्हणाली! मी म्हटलं, येईल की वर. त्यात काय. "खरंच? मग शनिवारी येतो आम्ही."

पियानो लावणाऱ्यांचा नंबर यांच्या जुन्या डायरीत सापडला. अजून आहेत गृहस्थ!

गुरुवार, २० मार्च

ते येऊन गेले. आत वाकून बराच वेळ बघत होते. "बाई, हाडं म्हातारी झालीत. बसलीत तिथे बसू द्या. वर ओढलं तर टिकतील असं मी सांगणार नाही." मी म्हटलं, ओढा. "नीट विचार करा." म्हटलं, केलाय, ओढा!

सुरुवातीला चढला हो! मधल्या पट्ट्या वाजवून दाखवल्या, अगदी हॉलसारख्या. मी टाळ्या पिटल्या लहान मुलीसारख्या. मग डावीकडची जाड तार तुटली — बंदूक उडाल्यागत. मग आणखी एक. मग आतून लाकूड करकरलं. तारा ताणायच्या खुंट्या बसवलेल्या फळीलाच उभा तडा गेला. एकही खुंटी आता ताण धरणार नाही म्हणाले. आणि दुरुस्ती? हत्यारं पिशवीत भरायला लागले. चहा न घेताच गेले बिचारे, जसा काही त्यांचाच दोष.

ते गेल्यावर एक पट्टी दाबली. ठक्. लाकडावर लाकूड.

जे सूनबाईंना जमलं नाही ते मी स्वतःच्या हाताने केलं. बेसूर होता, पण बोलत होता की नाही!

शुक्रवार, २१ मार्च

नातीचा फोन. "आजी, झाला का वर?"

झाला म्हटलं.

झाकण लावलंय, वर फुलदाणी ठेवलीय. बिस्किटं जास्तच आणली. उद्या शनिवार. येतो म्हणालेत, तिघंही.