तांबड्या चांदणीचा दहावा

वडगाव रासाई,
ता. ४ मार्च १९९८

चि. मल्हार यास आबामामाचा आशीर्वाद.

सौ. मोनिकाची कंबर आता कशी आहे? सोनमचा खोकला हटला का? (अडुळसा दे. डॉक्टरचं औषध गोड लागतं म्हणून ती मुद्दाम खोकते.) सुरजला दात आले का? तू कसा आहेस, हे मात्र विचारत नाही. धडधाकटच असणार. आग लावून जाणाऱ्याला काय होतंय?

महाशिवरात्रीला तू देवळाच्या ओट्यावर चांदण्यांविषयी बोलायला उभा राहिलास, तेव्हा भाचा मास्तर झाल्याचं मला कौतुक वाटलं. धुरळ्याचा ढग आपल्याच वजनानं गोळा होतो, दाबून दाबून पोटात भट्टी पेटते, चांदणी जन्मते. बारकी चांदणी सरपण जपून जाळते म्हणून लई जगते, थोराड असते ती सारं भसाभसा जाळून मोकळी होते (सारं उधळून बसलेल्या आपल्या हरिबासारखी). इथवर मला पटलं. पण मग तुला मृगातली ती तांबडीच दाखवायची काय नड होती? आभाळात दुसऱ्या नव्हत्या? "ही म्हातारी झालीय, फुगलीय, उद्या फुटंल, कदाचित फुटलीही असंल, उजेड यायचाय नुसता," असं तू हसत हसत सांगितलंस, आणि तुझी आई तोंडाला पदर लावून उठून गेली.

अरे गाढवा, तुझा बाप गेला तेव्हा ती चांदणी मीच तुझ्या आईला, तानुबाईला दाखवली होती! ज्ञानूदाजींचा फेटा तांबडा, चांदणी तांबडी, आणखी काय बघायचं? दोन वर्षं झाली, दिवेलागण झाली की ती अंगणात उभी राहून त्यांना घरचं सारं सांगते. कुठली शेळी व्याली, मल्हारचं पत्र आलं का न्हाई. (पावसाळ्यात चांदणी दिसत नाही, तेव्हा मेंढरांमागं गेलेत म्हणते.) आणि तू पोटचा पोरगा, भर देवळात तिला सांगतोस की ते फुटले!

दुसऱ्या दिवशी तिनं न्हाव्याला निरोप धाडला, भीमेवर दहावा घालायचा म्हणून. मी म्हणालो, एका माणसाचे दोन दहावे असतात का? तर म्हणते, "तवा माणूस गेला, आता चांदणी गेली. तिचं कोण करणार?" न्हावी आला तो विचारतो, डोकं कुणाचं भादरू? पोरगा तू, तिकडं दौंडला, म्हणून मेला माझ्याकडंच बघत बसला. गावभर बोभाटा झाला. भांडगावची अनसाबाई दुखवट्याला आली, गळा काढून रडली, दोन वेळा जेवली, आणि एसटीत चढताना मला विचारते, "पर गेलं कोन, आबा?"

हसू नकोस. तेव्हापासून तानुबाई चहावर आहे, भाकरीला हात लावत नाही. तुझं पुढचं बोलणं तिनं ऐकलंच नाही. चांदण्यांच्या हिशोबात उद्या म्हणजे लाख वर्षंसुद्धा असतील, फुटली तरी तिची राख वाया जात नाही, त्यातनं नव्या चांदण्या होतात, आपल्या रक्तातलं लोखंडही तसल्याच चांदण्यांच्या पोटातलं. हे आधी सांगायचं का शेवटी? आजाऱ्याच्या घरी जाऊन आधी तिरडीचे बांबू मोजतोस आणि मग तब्येत विचारतोस व्हय रे? मी सांगून बघितलं. म्हणते, "तू फेटा बघून चांदणी दिलीस, आबा. तुझं काय ऐकू?"

तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही. इकडं फिरकू नकोस.

तुझा,
आबामामा

ता.क. रविवारी ये. मुक्कामानं ये. दिवेलागणीला तिच्याशेजारी अंगणात उभा राहा आणि उरलेलं अर्धं तुझ्या तोंडानं सांग. आधी लाख वर्षं सांग, फुटायचं मागनं. पोरांना आण.

ता.क. तू येणार म्हणून मी तिला आधीच सांगून बसलोय. आत्ता अर्धी भाकरी खाल्ली. मी तुला गाढव म्हणालो हे तिला कळू देऊ नकोस, उरलेली अर्धी मला मिळायची नाही.

ता.क. माझा फेटा पांढरा आहे. पांढऱ्या चांदण्यांचं पुढं काय होतं, ते त्या दिवशी तू काहीच बोलला नाहीस. रविवारची वाट न बघता कार्ड टाक, लवकर.