पोटातलं बाहेर

वर्धा, दवाखाना
बुधवार, २३ एप्रिल २०२५

कांताताई,

तुले साष्टांग नमस्कार, भाऊजीले रामराम, दीपमालाले माया. अक्षर पाहून चकरावू नको. मी बोलून राह्यलो अन् काजल सिस्टर लिहून राह्यल्या. त्या तुह्या पुलगावच्याच, उद्या हे पत्र तुह्या हातातच देतीन. फोन केला असता, पन माहा नंबर दिसला का तू कापतेस.

मी बरा हाव. आधी हे वाच, मंग बाकीचं.

सोमवारी दुपारी खोकल्याचं औषध घ्याले गेलो अन् बकरीच्या गोचिडाचं औषध घेतलं. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर. जीभ कडूजहर झाली तवा समजलं. शेजारच्या भैय्याजीनं गाडीत टाकून तासाभरात इथं आनलं.

ताई, पोट धुतेत कसं, तुले मालूम हाये का? मले तं लय नवल वाटलं! डाव्या कुशीवर निजवतेत, डोकं खाली. नळी आधी नाकापासून कानापर्यंत अन् तिथून पोटापर्यंत मोजतेत, जसा मी बोअरचा पाइप मोजतो. मंग "गिळा दादा, गिळा" म्हनत तोंडातून आत. लय वाईट लागते, खोटं काऊन सांगू? वरून नरसाळ्यातून पानी सोडलं, अन् नरसाळं खाटेखाली नेलं का पोटातलं सारं आपोआप बादलीत. ना मोटर, ना बटन. अवो, हे तं सायफन! तीस वर्सं मी टाकीतलं डिझेल असंच काढलं. तोंडात नळी व्हती म्हनून, नाई तं तवाच सांगतलं असतं. (सिस्टर हासून राह्यल्या, पन मी म्हटलं, लिहा.) पानी साफ येयेपर्यंत तसंच भरत राह्यले, काढत राह्यले.

नळी निघाल्यावर डॉक्टरीन बाईनं विचारलं, मुद्दाम घेतलं का? का पिऊन व्हते? मी म्हटलं, दोन्ही नाई. "मंग लेबल काऊन नाई वाचलं?"

काजल सिस्टरनं माह्यासमोर हात धरला, बोटं किती सांगा म्हने. मी म्हटलं, तीन.

बोटं नव्हतेच. मूठ व्हती.

मोतीबिंदू हाये, ताई. दोन्ही डोळ्यात, पिकलेला. दोन वर्सं झाले. नट-बोल्ट मी हातानं ओळखतो, मोटर कानानं. जाम गावच्या चौकात माहं मोटर दुरुस्तीचं दुकान, पन तिथं कोनाले पत्ता लागू देल्ला नाई. आंधळ्या मिस्त्रीकडे मोटर कोन आनन?

मायच्या तेरवीले पंगतीत माहा पाय वरनाच्या बकेटीत पडला, तवा तू साऱ्यायसमोर बोलली, "पिऊन आला मेला." मले लय लागलं. पन म्हटलं, बेवडा तं बेवडा. बेवड्याले काम भेटते. म्हनून तोंड उघडलं नाई, उठून चालला गेलो. तुही चूक नव्हती. मीच सांगतलं नाई.

तुहं पत्र दोन महिने माह्या खिशात व्हतं. मले वाटलं, शिव्याच असतीन, कोनाकडून वाचून घेऊ? काल काजल सिस्टरनं वाचून दाखवलं. "सत्तावीस एप्रिलले दीपमालाचं लग्न. तिच्या मागं मामा म्हनून उभा राहशीन का? जबाब नाई आला तं काकाच्या राकेशले उभं करीन."

उशीत तोंड घालून रडलो, ताई.

राकेश चांगला हाये, पन त्याले नाई म्हन. शुक्रवारी मले सुट्टी देतेत, मी येतोच. डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात, म्हंजे रविवारी पोरीचं तोंड मले धड दिसनार नाई. पन मामा मागंच उभा राहते नं? तिच्या खांद्यावर माहा हात तेवढा ठेवून देजो. बाकी मी हातानं ओळखतो.

खालची सही मी माह्या हातानं करून राह्यलो. वाकडी झाली असन तं समजून घेजो. पेलेला नाई मी.

तुहा भाऊ,
दीपमालाचा मामा,
तानबा