दगडाबाईची साक्ष

६ जानेवारी, सोमवार
मला काही झालेलं न्हाई. खोकला हाय, तो उसाच्या ट्रेलरच्या धुळीचा. पोरगा बिभीषण म्हणतो, श्रीरामपूरला दाखवू, छाती खराब निघाली तर परसातली चूल उकरून टाकीन. त्या चुलीवर मी मशेरी भाजते. वस्तीवरच्या सात बायका सकाळी तिथंच बसतात. चूल गेली तर मला कोण विचारतंय?
ठरवलं. खोकला आठ दिवसांचा सांगायचा. साक्षीला शेजारची दगडाबाई. चाळीस वर्षं माझ्या हातची मशेरी लावती, माझ्या शब्दाबाहेर जायची न्हाई.

९ जानेवारी, गुरुवार
सून राजेश्वरी म्हणाली, तिथं नळीत फुंकायला लावून दम मोजतात. हसू आलं. सगळा जन्म फुंकणी फुंकण्यात गेला माझा. तरी सराव केला. ओलं सरपण घातलं, तासभर फुंकलं. खोकला लई आला, पण दम वाढला.

१३ जानेवारी, सोमवार, दुपारी
डॉक्टरीण नातीच्या वयाची. पाठ ऐकली, छातीचा फोटो काढला, बेडका तपासायला घेतला. तंबाखू? न्हाई म्हणाले. मशेरी काय तंबाखूत धरतात व्हय? खोकला किती दिवस? आठ.
दगडाबाई मधीच म्हणाली, "आठ कशाचे? दिवाळीला धरतो तो गुढीपाडव्याला सुटतो. दरसाल. हिच्या खोकल्यावर उठतो आमी."
डॉक्टरीण म्हणाली, वर्षात तीन महिने बेडक्याचा खोकला, तोही लागोपाठ दोन वर्षं, म्हणजे जुनाट ब्राँकायटिसच दिसतोय. मग मशीन. जीव खाऊन फुंकलं. पंप ओढायला लावून परत फुंकवलं. दम निम्मा निघाला. मशीन बिघडलेलं हाय. सरावाचं सांगितलं तर डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला.
बिभीषण दारात उभा. सगळं ऐकलं त्यानं.
येताना दगडाबाई म्हणाली, तुझ्या भल्यासाठीच बोलले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

१५ जानेवारी, बुधवार
चूल उकरली. उकरू दे. माझ्या मशेरीवाचून वस्ती दोन दिवस काढायची न्हाई. दगडाबाई पाया पडत येईल. लगेच माफ करायचं न्हाई.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळी
कुणी आलं न्हाई. दगडाबाईनं तिच्या परसात चूल मांडली. सगळ्या तिथं. मशेरी करपल्याचा वास इथवर आला, म्हणून नुसतं सांगायला गेले. दगडाबाई तव्यावरनं मान वर न करता म्हणाली, "राहीबाई, लांब बस. धूर हाय."
बाकीच्यांनी माना डोलावल्या.
बसले लांब.