सात घाव

प्रिय दादा,

तुझं रेकॉर्डिंग पोचलं, शनिवारच्या कार्यक्रमाचे दोन पासही पोचले. बारा वर्षांत बाबांना एक ओळ लिहिली नाहीस आणि आता एकदम पहिल्या रांगेत खुर्ची! धन्य आहे तुझी.

‘सुताराचं दुकान’ मी चारदा ऐकलं. शब्द एक नाही, नुसती वाद्यं, तरी आपलं सगळं दुकान डोळ्यांपुढे उभं राहिलं, हे कबूल करते. पण कान कुठे गहाण ठेवले होतेस रे? रंध्याला बासरी दिलीस, ठीक. सरसाचं भांडं रटरटतं तिथे तर मला हसूच फुटलं. करवतीला मात्र जाता-येता सारखंच किंचाळायला लावलंस. करवत जाताना कापते, येताना नुसती सरकते, हे आपल्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. बाबांनीही तेवढीच एक चूक काढली. बाकी मान खाली घालून ऐकत होते, आणि तिसरा भाग सुरू झाला तसे उठून कामाला लागले.

तो तिसरा भाग! पासांसोबतच्या माहितीपत्रकात ठळक छापलंयस, ‘बापाचा राग. तो मुलाचं व्हायोलिन फोडतो.’ आणि मग ढोलावर हातोड्याचे सात घाव. सात! मी बाबांना म्हटलं, आता तरी त्याला खरं सांगून टाका, नाहीतर मी सांगते. तर म्हणाले, छान वाजवलंय त्याने, राहू दे. तुम्ही बापलेक एकाच माळेचे मणी. एक विचारत नाही, दुसरा सांगत नाही. वैताग आलाय मला, दादा, तुमचाही आणि माझाही.

शनिवारी भरल्या सभागृहात बाबा ते घाव ऐकत बसतील आणि मला ते बघवणार नाही, म्हणून लिहितेय. तू मला टकळी म्हणायचास ना? एवढं एकच बारा वर्षं बोलले नाही. तू बाहेर गेलास की मी चोरून तुझं व्हायोलिन वाजवून बघायचे. त्या दिवशी ते माझ्या हातून निसटलं आणि कामाच्या बाकावर आपटलं. मी रडायला लागले. बाबा म्हणाले, माझ्याकडून फुटलं म्हणून सांगू, सकाळी त्याचं-माझं भांडण झालंच आहे, चार दिवस रागावेल आणि विसरेल. तू संध्याकाळीच घर सोडलंस. तिसरा भाग काढू नकोस. घाव मात्र एकच ठेव आणि त्याच्यापुढे माझं नाव छाप. मग बराच वेळ काहीच वाजवू नकोस. बाबा गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करत होते.

तुझीच,
टकळी