वहिनीला न सांगता

मंगळवार, डोंबिवली

खडवलीहून वहिनीचा फोन आलेला. पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी मी दादाकडून दीड लाख घेतले, हे तिला माहीत नव्हतं. "तिला सांगू नकोस," असं दादाच म्हणालेला. मी का ऐकलं त्याचं?

वहिनी हळू आवाजात म्हणाली, "सुमन, ह्यांनी एफडी मोडलीय. विचारलं की चिडतात. दुसरं कोणी आहे का गं?"

तिच्या मनात हे येईपर्यंत मी गप्प बसलेली. शेवटी सांगून टाकलं, "वहिनी, ते पैसे मी घेतलेत. मीच मागितलेले."

रागावेल असं वाटलेलं, पण ती रडली, सुटल्यासारखी. मग एकदम म्हणाली, "म्हणजे डॉक्टर सुट्टीवर नाहीत?"

तिच्या गर्भाशयात गाठ आहे, हे मला तेव्हा कळलं. ते पैसे ऑपरेशनचे होते. डॉक्टर सुट्टीवर आहेत असं सांगून दादाने ते महिनाभर पुढे ढकललंय.

गाठ कसली, ते विचारायची हिंमतच झाली नाही. महिनाभरात किती वाढली असेल? बांगड्या काढून ठेवल्यात. उद्या मोडते आणि थेट खडवलीला जाते. वहिनीला डॉक्टरकडे मीच नेणार. दादाला विचारणार नाही.